हातगुण

माय, आज दुकानात एक म्हातारी आली आणि तुझंच वाक्य माझ्या तोंडावर मारून गेली. तू गेल्यावर मी फार्मसी शिकले, आता मोताळ्याला औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, हे तुला ठाऊक नाही. म्हातारीच्या हातात झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी, बुलढाण्याच्या डॉक्टरची. त्याच गोळ्या तिनं परवा दुसऱ्याच डॉक्टरच्या चिठ्ठीवर माझ्याकडूनच नेल्या होत्या. म्हटलं, "आजी, कायदा कडक हाये. या गोळीची नोंद ठेवा लागते. इतक्या लवकर परत देता येत नाही." तर म्हणते कशी, "त्या डाक्टरच्या हाताले गुण नाही वं, पोरी. म्हणून याच्याकडं गेली." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

हातगुण! या एका शब्दानं आपलं घर फसलं. बाबा गेले आणि तुझी झोप उडाली ती उडालीच. दादानं तुला इथल्या डॉक्टरकडे नेलं. थोडे दिवस बरे गेले, मग तू म्हणालीस, "गुण नाही पडला." मग मी तुला बुलढाण्याला नेते, वहिनी तिच्या माहेरी देऊळगाव राजाला नेते. दवाखान्याच्या पायरीवर तू माझा हात दाबतेस, "जुनी चिठ्ठी काढू नोको वं. डाक्टरले वाईट वाटते." मलाही ते रीतीचंच वाटायचं. एकाच्या घरी जेवताना शेजारच्या वरणाचं कौतुक करतं का कोणी? तिन्ही डॉक्टरांनी तुला नवीन पेशंट समजून लिहून दिलं. गोळ्यांची नावं वेगळी, पाकिटं वेगळी, आतलं औषध एकच. आम्हाला वाटे, जुनी बंद झाली, नवी सुरू झाली. तू तिन्ही घेत होतीस.

तुला कळत होतं का वं? मला वाटतं, कळत होतं. वहिनीसमोर तू माझ्या डॉक्टरची गोळी कधीच काढली नाहीस.

त्या सकाळी तू मोरीत पडलीस. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांना कोणती गोळी चालू होती?" आम्ही तिघांनी तीन नावं सांगितली आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तू शुद्धीवर आलीच नाहीस.

आता लोक मला मागं फौजदारीण म्हणतात. म्हणोत. पण आज नाही म्हटल्यावर ती म्हातारी दुकानाच्या ओट्यावर बसली. रडली नाही की भांडली नाही. म्हणाली, "तुले झोप येते ना, बाई? मंग तुले नाही समजत." मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि समोरच्या दुकानात गेली. तिथं कोणी काही विचारत नाही. मी इथून पाहत होते. पदराखाली पुडी धरून ती निघाली, तेव्हा तिला हाक मारावीशी वाटली, पण काय सांगणार होते तिला?

हे लिहिलेलं मी कोणालाच दाखवणार नाही, दादाला तर नाहीच. त्यानं आजवर तुझं नाव काढून माझ्याशी भांडण केलेलं नाही, मीही केलेलं नाही. तुझा राग मात्र येतो, माय, अजून येतो. आणि तरी खरं सांगते, तू आज काउंटरपुढे उभी राहून "दे वं" म्हणाली असतीस, तर मी दिल्या असत्या. सगळं माहीत असून दिल्या असत्या.