जीप पाटलाच्या दारात

९ जानेवारी १९७५, हिंगोली
नांदेडहून पत्र. नव्या गाडीचा नंबर लागला एकदाचा. किती वर्षं झाली नाव नोंदवून. हे ते पत्र घेऊन कोर्टात गेले, सगळ्या वकिलांना दाखवलं असणार.
जेवताना म्हणाले, "जीप आता तुझी. शाळेला एस.टी.त लोंबकळत जायचं बंद." मी भाजी वाढत होते, तशीच उभी राहिले.
लष्कराच्या लिलावातली जीप. औंढ्याच्या रस्त्यावर ह्यांनीच मला चालवायला शिकवली. बायामाणसं शेताचे धुरे-बांध सोडून बघायला यायची. माझी म्हणजे अगदी माझी?

१८ जाने.
शाळा सुटल्यावर वाडीत उतरले. मी शिकवते त्या शिरडच्या रस्त्यावरच आहे. वाडीतले आपले लोक कसतात त्या गायरानात पाटलानं नांगर घातला, ती केस हे बिनफी लढतात. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सगळ्यांचे अंगठे घेतले होते, पहिला गयाबाईचा. तिला नव्या गाडीचं सांगितलं. म्हणाली, "नवी साहेबाला राहू द्या. आमाला जुनीच बरी. तिचा आवाज आला की लेकरं फाट्यावर पळतेत."
मी म्हटलं, आता जीप घेऊन मीच येत जाईन. खूप हसली.

२६ जाने.
झेंडावंदनाहून आले तर अंगणात एक अनोळखी माणूस जीपखाली वाकलेला. इथल्याच गोरेगावचा, गाड्यांचा दलाल. मी म्हटलं, विकायची नाही. तो म्हणाला, "साहेबांनीच बोलावलं, बाई."
ह्यांना विचारलं. "किंमत किती येते ते नुसतं पाहत होतो." असेल.

४ फेब्रुवारी
हे नांदेडहून नवी गाडी घेऊन आले. पांढरी. गल्लीतली सगळी माणसं जमली, मी ओवाळलं. शेडमध्ये जीप नव्हती.
"रंगवायला टाकली," म्हणाले. "तुझी गाडी अशी कळकट कशी द्यायची? रंग कोणता हवा?"
मी राखाडी म्हटलं. मग वाटलं, हिरवा बरा. धूळ दिसत नाही. पुन्हा जाऊन सांगितलं. हो म्हणाले.

१७ फेब्रु.
गयाबाईनं निरोप दिला होता म्हणून वाडीच्या फाट्यावर उतरले. पाटलाच्या दारात जीप उभी. जुनाच रंग. हुडाला मी घातलेले टाके लांबूनही ओळखू येत होते.
गयाबाई लिंबाखाली बसलेली. म्हणाली, "साहेब आत गेलेत वाटतं. समजूत घालून राहिले असतील पाटलाची." मलाही तेच वाटलं. रंगारी मिळाला नसेल, नवी गाडी या रस्त्यावर नको म्हणून जीप आणली असेल. तिच्याजवळ बसले. दोघी वाट बघत.
बाहेर आला तो पाटलाचा थोरला. एकटाच. चावी फिरवली, आमच्या समोरून गाडी काढली. धूळ बसली.
मग गयाबाई, हळूच: "इकली व्हय, बाई?"
मला ठाऊक नाही म्हटलं. खरंच ठाऊक नव्हतं. पण तिच्या तोंडाकडे बघून वाटलं, तिला ते खोटं वाटलं.

तोच दिवस, घरी
"दलालाला दिली," हे म्हणाले. "त्यानं पुढे कुणाला दिली मला काय माहीत?"
रंग का विचारलात मग?
म्हणाले, "तुला वाईट वाटेल म्हणून. सांगणारच होतो." आणि मग, "गाडी म्हणजे काय, लोखंड आहे. त्यात एवढं काय."

२० फेब्रु.
ह्यांचे मुनशी घरी फाईल न्यायला आले. सरळ माणूस. मी सहज विचारल्यासारखं जीपचं विचारलं. ते म्हणाले, "दलाल नुसता नावाला व्हता. पाटील सोता कोर्टात आले व्हते. साहेबांनी बसवून चहा पाजला." मग त्यांच्या लक्षात आलं, मला माहीत नव्हतं. "माझं नाव घेऊ नका बाई."
म्हणजे दोनदा फसवलं. मला आणि वाडीलाही.

५ मार्च
गायरानाची तारीख होती. ह्यांनी पुढची मागून घेतली. कागद तयार नाहीत म्हणे. ते कागद जानेवारीत मीच लावून दिले होते.
विचारलं. ताट सरकवून उठले. "केस वेगळी, जीप वेगळी. बायकोनं तरी असं बोलू नये."
वेगळी असेल. ज्या माणसानं फी न घेता ही केस उभी केली तो असं करील? महिनाभरापूर्वी कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते.

११ मार्च
नव्या गाडीत अजून बसले नाही. शेजारणी विचारतात. गाडी लागते म्हणून सांगते.

१९ मार्च
गयाबाई घरी आली. ह्यांना नाही, मलाच भेटायला. पडवीत बसली, पाणी घेतलं, चहा नको म्हणाली. आजवर कधी चहाला नाही म्हणाली नव्हती.
"लोक म्हणतेत दुसरा वकील पाहावं. मी म्हटलं, आदी बाईला इचारते. तुमी सांगा, साहेब आपले हायत का न्हाई?"
काय सांगू? हो म्हणावं तर छाती होईना. नाही म्हणावं तर ज्या माणसानं माझ्या हाती पहिल्यांदा स्टिअरिंग दिलं त्याला मीच...
ती पदर सावरून उठली. "ऱ्हाऊ द्या. तकलीफ दिली तुमाला."

२ एप्रिल
उद्या तारीख. आज वाडीत बैठक, वकील बदलायचा की नाही ठरवायला. सकाळी हे दारात येऊन उभे राहिले. दाढी केलेली, काळा कोट. म्हणाले, "चल माझ्याबरोबर. तू सांगितलंस तर ऐकतील. तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा."
मी विचारलं, "उद्या पुन्हा तारीख मागणार का?"
"कोर्टात काय होईल ते आधी कसं सांगणार?"
एवढंच. नाही म्हणाले असते तर मी त्याच पावली निघाले असते. खोटं असतं तरी.
"तुम्ही व्हा पुढे," म्हटलं. "मी एस.टी.नं येते."
तिथे काय बोलणार, हे त्यांनी विचारलं नाही. गाडी वळवून गेले. मी स्टँडवर बसून हे लिहिते आहे. एस.टी. लागली. गयाबाईच्या समोर उभी राहिले की तोंडातून काय निघेल, ते मलाच अजून ठाऊक नाही. पण साहेब आपले आहेत, एवढं निघणार नाही.