तिसरा थेंब कुणाच्या नावाचा

तीर्थरूप मामांच्या पायांशी धैर्यशीलचा नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा रक्तदाब आणि गाभण म्हैस, तिन्ही ठिकाणी सगळं ठीक असावं. इकडे शिराळ्यात आई बरी आहे, ऊस बरा आहे. मी बरा नाही. फोनच करणार होतो, पण तुमच्याकडचा फोन मामी उचलतात आणि स्पीकरवर ठेवून भाकरी थापत ऐकतात, आणि जे सांगायचं आहे ते भाकरी थापताना ऐकण्यासारखं नाही. म्हणून पत्र. आमच्या शेजारचा भाऊसो उद्या वाईला त्याच्या चुलत्याच्या कार्यासाठी घाटावर येतो आहे, तो तुमच्याच हातात देईल. वाचून झालं की चुलीत घालावं. (मामींनी आधी वाचलंच तर : मामी, नमस्कार. यातलं सगळं खोटं आहे.)

साताऱ्याच्या स्थळाकडे आम्ही कसे डोळे लावून बसलो होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या आळीत लग्नाची पोरं आता इतकी साठली आहेत की कुणी लग्नाचा विषय काढला तर सगळे मिळून उसाच्या दराचं बोलायला लागतात. शेतकरी मुलगा म्हटल्यावर फोन ठेवणारे बाप मी पुष्कळ ऐकले. अशात अंकिताचं स्थळ भाऊसोनं आणलं. मुलगी साताऱ्यात बँकेत, वडील तुमच्याच पलटणीतले निवृत्त हवालदार. ते एकाच गोष्टीवर राजी झाले, की मुलगा सुभेदार सयाजीरावांचा भाचा आहे. ज्या माणसानं माळ घालून दारू सोडली त्याच्या हाताखालचं पोर वाईट निघणार नाही, असं ते म्हणाले. माझ्या बायोडाटात शिक्षणापुढे भाऊसोनं 'बी. ए.' लिहिलं होतं, तिथे मी कंसात 'अपूर्ण' घालायला लावलं, तेही ठळक. त्याखाली 'निर्व्यसनी' असं लिहिलं. (ते खरं आहे. मी सुपारीसुद्धा खात नाही, दातात अडकते.)

भेटीचं ठिकाण मुलीच्या भावानं, ऋषिराजनं, ठरवलं. तो पुण्याला असतो आणि पोहे खाऊन मुलगी बघण्याचे दिवस गेले, असं त्याचं मत. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नटबोल्टचा एक बंद पडलेला कारखाना होता, तिथे आता कुणीतरी व्हिस्की गाळायचा छोटा कारखाना आणि त्याला लागून बार काढला आहे. आधी फिरवून दाखवतात, मग प्यायला बसवतात. (शाळेची सहल साखर कारखान्यावर न्यायचे तसंच. फक्त तिथे शेवटी मूठभर साखर मिळायची.) मला रात्रभर झोप नाही. प्यायलो तर बायोडाटा खोटा, नाही प्यायलो तर गावंढळ. भाऊसोला विचारलं, तर तो म्हणाला, "गड्या, लय लाजू नगंस. एक घोट घ्यायचा. पर चेहरा असा ठेवायचा, की ह्येच्याआधी कवा घेतली न्हाई आन् पुढंबी घेणार न्हाई." असा चेहरा मी आरशात करून पाहिला. पोटात दुखत असल्यासारखा दिसतो.

आत चामड्याचा एप्रन घातलेला एक दाढीवाला मुलगा माहिती सांगत होता. मधोमध तांब्याचं भलंमोठं भांडं. आपल्या परसातल्या पाणी तापवायच्या बंबाला हत्तीची सोंड बसवावी, तसं. आईनं आमचा बंब मोडीत घातला तेव्हा कुणी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढला नव्हता. इथे रांग होती. भिंतीवर बैलगाडीचं चाक टांगलेलं, त्याची लोखंडी धाव निसटलेली. मला सांगावंसं वाटत होतं. मग लाकडी पिंपांच्या खोलीत नेलं. तिथे तो मुलगा आवाज खाली आणून म्हणाला, की पिंपातली व्हिस्की वर्षानुवर्षं थोडी थोडी हवेत उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. सगळे 'वा' म्हणाले. एक बाई तर डोळे मिटून वर बघायला लागल्या. अंकिता हसली. छान हसते. मला वाटलं, देवाचा वाटा ज्यांना कळतो अशा माणसांत आपलं काही अवघड जाणार नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

बारमध्ये अंकितानं काहीतरी मागवलं, ते काचेच्या झाकणाखाली धूर कोंडून आलं. वेटरनं झाकण उचललं तेव्हा मी पाण्याचा जग उचललेला होता. अंकितानं माझा हात धरून खाली केला. (आमचा स्पर्श झाला तो एवढाच.) त्या पेयात काकवी होती. आपल्या गुऱ्हाळावरची काकवी मी कळशीनं वाहिली आहे, इथे ती ड्रॉपरनं घालतात आणि घालताना श्वास रोखून धरतात. मी अंकिताला हे सांगितलं, ती पुन्हा हसली, आणि मामा, खरं सांगतो, तेवढा वेळ मला वाटलं की जमतंय. तिनं गुऱ्हाळ बघायला येईन असंही म्हटलं.

मग अंकिता, ऋषिराज, भाऊसो आणि मी, अशा चौघांपुढे चाखायला छोटे ग्लास आले. माझं ठरलेलं होतं. ओठांपर्यंत न्यायचा, वास घ्यायचा, ठेवून द्यायचा. ग्लास उचलला, आणि माझं अनामिकेचं बोट आपोआप आत बुडालं आणि थेंब उडाले. एक जमिनीच्या नावानं, एक गेलेल्या थोरल्यांच्या नावानं आणि एक तुमच्या त्या बर्फात राहिलेल्या जोडीदाराच्या नावानं. अगदी तुम्ही उडवता तसे, अंगठ्यावरून, मनगट न हलवता. सुट्टीत तुमच्याकडे आलो की विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत मी शेंगदाणे घेऊन बसायचो. तुमच्या ग्लासात कॅन्टीनची रम, माझ्या ग्लासात पाणी. "आधी त्यांचं, मग आपलं," म्हणून तुम्ही माझ्याकडूनही उडवून घ्यायचात. तेव्हापासून चहा असो, ताक असो, माझं बोट आधी आत जातं. घरी कुणाला त्याचं काही वाटत नाही, आई डाग पुसते. त्या दिवशी दोन थेंब फरशीवर पडले. तिसरा ऋषिराजच्या पांढऱ्या शर्टावर.

"आयला!" ऋषिराज म्हणाला. "बायोडाटात निर्व्यसनी, आन् बोट बघा पाव्हण्यांचं! ह्यो नवशिक्याचा हात न्हाई, अंकिते. जुनं गिऱ्हाईक हाय ह्ये." शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. भाऊसोनं मला वाचवायचं ठरवलं आणि म्हणाला, "आवं, रोज न्हाई. कवातरी, औषधापुरती." अंकितानं त्या दोघांकडे पाहिलंही नाही. मला सरळ विचारलं, "कुणाच्या नावानं उडवलेत?"

आता मी काय सांगणार होतो? मामांच्या सवयीनं, असं? मोटारीला ऑटो स्विच बसवला तरी तुम्ही रोज संध्याकाळी मोटार चालू करायला जाता, माळ काढून खुंटीला अडकवता आणि तिच्याकडे पाठ करून बसता, हे मला आणि तुम्हालाच माहीत. मामींना नाही. पलटणीला नाही. ज्या नावावर स्थळ आलं तेच नाव तिथे काढून उघडं करू? मी म्हणालो, "देवाच्या." तिनं विचारलं, "कोणत्या?" आणि मला एकही देव आठवेना.

"तुम्ही पिता, त्याचं काही नाही हो," ती म्हणाली. "मीही घेतेच आहे. पण मग निर्व्यसनी कशाला लिहायचं?" मी प्यायलेलो नाही, असं तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा मला स्वतःलाच खोटं वाटलं. त्या अख्ख्या इमारतीत कोरडा माणूस एकच होता आणि दारुडा ठरून तोच बाहेर पडला. पिंपातून आपोआप उडाली तर तो देवदूतांचा वाटा, तिच्यासमोर लोक डोळे मिटतात. माणसानं आपल्या माणसांना हातानं दिली तर ते व्यसन.

'तुमच्यावर राग नाही' असं शेवटी लिहायचं ठरवलं होतं. पण यापुढे कागदावर खोटं लिहायचं नाही असं मनाशी घेतलं आहे, म्हणून ते वाक्य गाळलं. मामींना नमस्कार सांगू नये. त्या विचारतील कुठून आला.

तुमच्याच वळणाचा,
धैर्यशील

ता. क. : इतकं लिहिलं ते एवढ्यासाठी, की तुम्ही साताऱ्याला यावं. नोव्हेंबर आहे, पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायला जातो असं मामींना सांगता येईल. बँकेऐवजी अंकिताच्या घरी जायचं आणि तिच्या वडिलांना एकच वाक्य सांगायचं : 'पोरगं पीत नाही, मी पितो.' मी तुमच्यासाठी गप्प बसलो. तुम्ही माझ्यासाठी तेवढं बोला. दुसरं काही मागत नाही. हे स्थळ गेलं तर पुढचं येईल असं मला वाटत नाही, आणि आलं तरी ती अंकिता नसेल.

ता. क. दुसरा : पाकीट बंद करत होतो, तोवर भाऊसो पत्र न्यायला आला, म्हणून पुन्हा उघडलं. ऋषिराजनं जेवताना घरी सगळी गंमत सांगितली म्हणे. वडिलांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "किती थेंब?" तीन, म्हटल्यावर, "अंगठ्यावरनं?" त्या बर्फात तेही होते, हे मला आज कळलं. तिसरा थेंब कुणाचा ते त्यांना सांगावं लागलं नाही. नंतर मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजी सुभेदार अजून घेत्यात व्हय!" पोरानं हात तेवढा मामाचा उचलला, असं त्यांनी सांगितल्यावर मी पीत नाही हे आता सगळ्या घरानं मान्य केलं आहे, अंकितानंसुद्धा. पण तिचा मात्र नकारच आहे. तिचा निरोप असा, की भरल्या टेबलावर ज्याला मामाचं नाव घ्यायचा धीर झाला नाही, तो उद्या स्वतःच्या आईसमोर माझं नाव काय घेणार.

तेव्हा वरच्या वाक्याची आता गरज नाही. तुम्ही मात्र यायचंच आहे. तिच्या वडिलांनी येत्या रविवारी तुम्हाला त्यांच्या शेतावर बसायला बोलावलं आहे, बाटली त्यांची, मटण त्यांचं. येताना-जाताना गाडी चालवायला न पिणारा खात्रीचा माणूस हवा, म्हणून त्यांनी मला नेमलं आहे. मी सकाळीच वाईला येतो. तयार राहावं, आणि माळ घरून निघतानाच काढू नये, मामी बघतील.