पत्रकातला घोडा

हॉलिवूड, शनिवार, ३ मार्च १९५१
सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. रंगपटात बसलो आहे, हनुवटीवरचा रंग वाळतो आहे.

ति. वेरोनाताईस योझेफचा शि. सा. न. वि. वि.

माझे पहिले चित्र पुढल्या आठवड्यात आपल्या खाणवस्तीत लागेल. पडद्यावर माझे नाव ग्रँट हॉलोवे दिसेल. ते कंपनीने ठेवले. तू जा, पण बाबांना नेऊ नकोस, कोंदट जागेत त्यांचा खोकला वाढतो. मासिकात माझ्याविषयी काही येईल, तेही त्यांच्या कानावर घालू नकोस. कारण भेटीत सांगेन.

लोभ आहे तसाच राहो.
तुझा योझेफ


ब्लॅक रन, पेनसिल्व्हेनिया, १९ मार्च

चि. योझेफ यास ताईचे अ. आ. वि. वि.

तुझ्या पत्राआधी मासिक पोचले. दहा तारखेच्या शनिवारी बाबा न्हाव्याकडे अर्ध्या दाढीनिशी सगळ्यांना तुझा फोटो दाखवत होते. न्हाव्याने हौसेने मोठ्याने वाचले, की ग्रँट हॉलोवे हा टेक्सासच्या गुरेवाल्याचा मुलगा, सातव्या वर्षी बाप वारला. मग खाणीतल्या दिमकोने विचारले, की मिखालकाका, मेलेल्या माणसाची दाढी फुकट असते काय! सगळे हसले. बाबाही हसले. म्हणाले, की छे रे, हा आमचा योझो नव्हेच, नुसता तोंडवळा सारखा. आमचा तिकडे मोटारी दुरुस्त करतो.

तुझ्या गाडीभाड्यासाठी ज्यांनी आपले अकॉर्डियन विकले, ते हे म्हणाले. तेव्हापासून रोज तुझ्या चित्राच्या खेळाला जातात. मागच्या रांगेत बसतात, खोकला आला की तोंडात रुमाल कोंबतात. काल नववी खेप. मी रागावले तर म्हणतात, परक्याचं पोर आहे, पण काम बरं करतं.

खरे सांग, तो मजकूर तू दिलास?

आशीर्वाद नेहमीचेच. रागही आहे.
वेरोना


हॉलिवूड, शनिवार, २४ मार्च
दुपारी साडेबारा. जेवणाची सुट्टी, डबा उघडलेला नाही.

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

मजकूर मी दिला नाही. इथे प्रत्येक नव्या नटाला प्रसिद्धीवाले असे पत्रक लिहून देतात, ते पाठ करायचे असते. पण छापण्याआधी ते माझ्यापुढे ठेवले होते. त्यात मी पांढऱ्या घोड्यावर वाढलो असे होते. त्यावर मी तासभर हुज्जत घातली, की मला घोड्याची भीती वाटते, कुणी बसवून पाहिले तर फजिती होईल. त्यांनी घोडा खोडला. खालच्याच ओळीत बाबा वारले होते. ती ओळ मी नीट वाचली आणि सही केली. ताई, मला बाबांच्या काळ्या नखांची लाज वाटत होती. आता माझे स्वच्छ हात मला बघवत नाहीत.

आज कंपनीच्या साहेबांना सांगितले, की माझे वडील जिवंत आहेत आणि मी त्यांना भेटायला चाललो. ते म्हणाले, की बापाला उठवलेस तर करार मरेल. मरू दे. सोमवारच्या गाडीने निघतो. बाबांना आधी सांगू नकोस, माझा करार वाचवायला ते घराबाहेरच पडणार नाहीत. शनिवारी ते दाढीला बसले की मी दुकानात येईन.

रागासकट लोभ हवा आहे.
योझेफ मिखाल कुबिक

ता. क. हिशेब: सोमवारचे गाडीभाडे, एकसष्ट डॉलर वीस सेंट, दिले. अकॉर्डियनचे पंचेचाळीस डॉलर, देणे. बाबांची नऊ तिकिटे, चाळीस सेंटप्रमाणे तीन डॉलर साठ, देणे. शनिवारची दाढी, पंचाहत्तर सेंट. ती मी सर्वांदेखत देईन, जिवंत माणसाच्या दराने.