गोळा होण्याची जागा

सोमवार, १२ जानेवारी
काल धुरपदा मोरीत घसरली. फार लागलं नाही, पण दोन्ही गुडघे कामातून गेलेले, उठता येईना. शेजारचे दानिएल मास्तर आणि त्यांच्या मेरीबाई यांनी उचलून खाटेवर ठेवलं. मी मुद्दाम दारातच थांबलो. मोरी लहान आहे, चौथा माणूस मावत नाही.
संपतचा सणसवाडीहून फोन. म्हणाला, आबा, एक तारखेला येतो, आईला घिऊन जातो. तुम्हाला एकट्याला न्हाई जमायचं.
चाळीस वर्षं बायको सांभाळली. म्हणे जमायचं नाही.

मंगळवार, १३ जानेवारी
सून सुषमा, हिने मोबाईलवर एक फुकट कोर्स पाठवला. आपत्ती आल्यावर काय करावं. घरबसल्या, आपलं आपण शिकायचं. पूर, आग, भूकंप, सर्पदंश, सगळं आहे. मास्तर नाही, छडी नाही. मी सातवी नापास आहे, पण ते मास्तरांमुळे. इथं मास्तरच नाही म्हटल्यावर अडचण येऊ नये.
संकल्प: रोज एक धडा. संपत येईल तेव्हा त्याच्यासमोर ट्रेनिंग झालेला माणूस उभा असेल. मग आईला नेतो कसा बघतो.

बुधवार, १४ जानेवारी
संक्रांत. धडा झाला नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी
पहिला धडा दोनदा पाहिला. दुसऱ्या वेळी डोळा लागला, पण कानावर पडत होतं. परीक्षेत दहापैकी चार. प्रश्नच धड नाहीत. भूकंप आल्यास काय कराल? आमच्या केंदूरला भूकंप येत नाही, हे उत्तर त्यांनी पर्यायात ठेवलंच नाही. पण परीक्षा कितीही वेळा देता येते. संध्याकाळपर्यंत पास झालो.
मधेच धुरपदा खाटेवरून म्हणाली, आवं, सायेब, तेवढा पाण्याचा तांब्या द्या. मी म्हणालो, थांब, परीक्षा चालू आहे. नंतर विसरलो. तिनंही पुन्हा मागितला नाही, म्हणजे तहान नसावी.

सोमवार, १९ जानेवारी
आजचा धडा फार महत्त्वाचा. प्रत्येक घराची गोळा होण्याची जागा ठरलेली असावी. धोका आला की शिट्टी, शिट्टी झाली की सगळे तिथं. मी अंगणाच्या कडेचा लिंब ठरवला. दानिएल मास्तर कुंपणावरून म्हणाले, आप्पा, माणसं दोन, त्यातलं एक खाटेवर. गोळा कोण व्हायचं? मी म्हणालो, तुम्ही दर रविवारी चर्चमध्ये गोळा होता, तेव्हा मी काही विचारतो का? मास्तर हसत बसले.

गुरुवार, २२ जानेवारी
सकाळी पहिलं ड्रिल. तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. धुरपदा उठली नाही. म्हणाली, खऱ्या आगीला उठंन, खोट्या आगीसाठी गुडघं न्हाई दुखवायची. शिस्त म्हणून नाही.
पण मेंढरं उठली! आमच्या बापजाद्यांचा धंदाच मेंढरांचा, आता चारच मेंढ्या आणि दोन कोकरं पडवीत उरलीत, पण ही शिट्टी त्यांच्या रक्तात आहे. फाटक उघडलं की सरळ लिंबाखाली. कोर्समध्ये सांगितलंय, सराव घरातल्या सर्व सदस्यांसह करावा. जे येतात त्यांच्यासह करणार, दुसरं काय.

सोमवार, २६ जानेवारी
झेंडावंदनाला गेलो. सरपंचांना म्हणालो, आपत्तीवर दोन शब्द बोलतो. म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की.
ड्रिल आता रोज होतं. मेंढरं शिट्टीच्या आधीच फाटकाशी येऊन उभी राहतात. धुरपदाचा सराव बाकी आहे. अंथरुणावरच्या माणसाला उचलून बाहेर कसं न्यावं, हा धडा अकरावा. मी आठव्यावर आहे. क्रम मोडलेला बरा नाही.
संध्याकाळी तिला विचारलं, तुला जायचंय का सणसवाडीला? म्हणाली, एका खोलीत चार माणसं, शेजारी समदी परमुलखातली. कुणाशी बोलू? हितंच बरं हाय. फक्त हाक मारली की येत जावा, एवढंच.
एवढंच ना. मी म्हणालो, कोर्स कशासाठी करतोय मग?

शुक्रवार, ३० जानेवारी, सकाळ
धडा: वीज गेल्यास काय करावे. वीज गेलेली नव्हती म्हणून मेन स्विच बंद केला. आतली खोली भरदिवसा अंधारी असते. तिथं मेणबत्ती लावून पडद्याशेजारच्या फळीवर ठेवली. धुरपदा म्हणाली, आवं, पडद्यापाशी नगा ठिऊ. मी म्हणालो, कोर्स कुणी केलाय, तू का मी? आणि अंगणात मोबाईलला रेंज बघायला गेलो.

दुपार
आग. खरी.
मी अजिबात घाबरलो नाही. धूर दिसला, शिट्टी मारली, फाटक उघडलं, मेंढरं लिंबाखाली. मोजली. खात्री म्हणून परत मोजली. सगळी होती.
धुरपदाची हाक येत होती. आवं, या की हो, म्हणत होती. दोन-तीनदा आली, मग येईना. पण नियम स्पष्ट आहे. एकदा बाहेर पडलं की परत आत जायचं नाही. परीक्षेत हे उत्तर मी पहिल्या फटक्यात बरोबर दिलं होतं.
दानिएल मास्तर धावत आले. ओरडले, आप्पा, वहिनी कुठायत? मी म्हणालो, आत. त्यांनी हौदात गोणपाट बुडवलं आणि आत गेले. विझवलं. धुरपदा तोवर बसल्या बसल्या सरकत मागच्या दारापर्यंत आली होती. उजवा हात भाजलाय. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग मेंढरांकडं.

शनिवार, ३१ जानेवारी
तिला शांतपणे समजावून सांगितलं. मी आत आलो असतो तर दोघंही अडकलो असतो, असंच शिकवतात. ती म्हणाली, व्हय. मी म्हणालो, नशीब समज, नवरा शिकलेला आहे. पाण्याचा तांब्या न मागता नेऊन ठेवला. संध्याकाळी बघतो तर तसाच भरलेला.
अकरावा धडा बघायचा होता. मोबाईलला चार्जिंग नाही. मेन स्विच कालपासून बंदच राहिलाय.

रविवार, १ फेब्रुवारी
संपत गाडी घेऊन आला. मी मुद्दे पाठ केले होते. गरज पडली नाही. धुरपदानं कुणी न विचारता लुगडी गाठोड्यात बांधून ठेवली होती. एका हातानं कधी बांधली, कळलं नाही.
संपत जळका पडदा बघून आला. मला वाटलं ओरडेल. म्हणाला, आबा, तुम्ही पन चला. मी म्हणालो, मेंढरांना कोण बघणार? तो मान हलवून बाहेर गेला. त्यानं आणि दानिएल मास्तरांनी तिला खुर्चीसकट उचलून गाडीत बसवलं. अकराव्या धड्यात हीच पद्धत असणार. मी गाडीचं दार धरलं होतं.

बुधवार, ४ फेब्रुवारी
कोर्स पुरा झाला. उरलेले धडे पुढं ढकलत ढकलत पाहिले. शेवटच्या परीक्षेत पास. धोक्याच्या जागेतून माणूस सुरक्षित जागी हलवणं हा खरा उद्देश, असं शेवटी सांगतात. त्या हिशेबानं धुरपदा सुरक्षित जागी पोचली आहे. म्हणजे चुकलं काही नाही.
भाकरी जमत नाही. दूध प्यायलो.
संध्याकाळी तिचा फोन. हात बरा हाय म्हणाली. मी पास झाल्याचं सांगितलं. बरं झालं म्हणाली. मग मी विचारलं, कधी येतेस? मागं टीव्ही चालू होता. मग म्हणाली, मेंढरं बरी हायत ना? आधी त्यांचं बगा.
तिकडं जाऊनसुद्धा मेंढरांची केवढी काळजी. मी सांगितलं, सगळी मजेत आहेत, दोन्ही कोकरांनी तर अंग धरलंय, धाकटं तर आता… बराच वेळ सांगत होतो. फोन तिनं कधी ठेवला, ते कळलं नाही.