झाकणाचा समाधानकारक दाखला

३ जून, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी नगरपालिकेचा मानद दक्षता निरीक्षक. मानद म्हणजे पगार नाही, पण खोली आहे. वजनमापं खात्यात एकतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले, आता पालिकेचा तपासतो. अध्यक्ष स्वतः घरी आले होते. म्हणाले, डोळे मिटून विश्वास ठेवावा असा माणूस गावात एकच. बायको आतून म्हणाली, डोळे नक्की कोणी मिटायचे ते विचारून घ्या. तिला राजकारण कळत नाही.

नव्वद दिवसांत भ्रष्टाचार निम्मा करायचा. पूर्ण म्हणत नाही. मी प्रॅक्टिकल माणूस आहे.

४ जून
खोली जिन्याखाली. उभं राहिलं की डोकं आपटतं, पण काम बसूनच करायचं आहे. शिक्का मिळाला: ‘तपासले, समाधानकारक’. ‘असमाधानकारक’चाही मागितला. हेडक्लार्क म्हणाला की तशी गरज आजवर पडली नाही, कोटेशनं मागवावी लागतील. पद्धतशीर माणूस.

९ जून
पहिली तक्रार! आणि नेमकी ताईची. सख्खी थोरली बहीण. बाजारात तिचं शिलाईचं दुकान. दारासमोरच्या गटाराला झाकण नाही, गिऱ्हाइकं फळीवरून आत येतात. पालिकेच्या कागदावर मात्र झाकण गेल्या वर्षीच बसलंय.

केस मजबूत. पण लोक काय म्हणतील? पहिलीच केस घरची! फाइल बाजूला ठेवली. ताईला निरोप धाडला की निकाल लागेपर्यंत आपलं बोलणं बंद. तिचा उलट निरोप: रविवारी जेवायला येतोयस का तेवढं कळव. नाही कळवलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

घरातही या केसबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असा नियम केला. बायकोने तो लगेच मान्य केला. जरा जास्तच लगेच.

१७ जून
नियम मोडून बायकोने सांगितलं: ताईच्या एक गिऱ्हाईक बाई फळीवरून घसरल्या. पाय प्लास्टरमध्ये. ताई रडत होती म्हणे. ताई सहसा रडत नाही. फार वाईट वाटलं. भेटायला जावं म्हणून चपला घातल्या, परत काढल्या. तक्रारदाराशी संपर्क आला असता. बायकोला नियमाची पुन्हा आठवण करून दिली. जरा चढ्या आवाजात.

२ जुलै
अध्यक्ष वाकून खोलीत आले. म्हणाले की बहिणीची केस टाळलीत तर लोक म्हणतील, घाबरला. नि:पक्षपाती माणसाला नात्याचं कसलं भय? अगदी माझ्या मनातलं बोलले. उद्याच स्थळपाहणी.

३ जुलै, दुपारी १२.४०
पाहणी झाली. झाकण आहे! लोखंडी, नवं कोरं. काठीने तीन ठिकाणी ठोकलं. वर उभा राहिलो. टेप लावला, एका सुताचाही फरक नाही. अनुभव कामी येतो.

ताई दुकानातून सारखी हाका मारत होती, अरे इकडे ये, ऐक तरी. मी मान वर केली नाही. पाहणी चालू असताना तक्रारदाराचं काही ऐकायचं नाही, हा नियम मी स्वतः घातलाय. शेवटी ती दारापर्यंत आली. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

तर पालिकेचा कागद खरा आणि सख्ख्या बहिणीची तक्रार खोटी. त्या बाई घसरल्याचं घरात नियम मोडून कळलेलं, म्हणून ते पुराव्यात धरलं नाही. मन घट्ट केलं आणि शिक्का मारला. शाई वाळायच्या आत हेडक्लार्क दाखला घेऊन गेला. इतकं तत्पर ऑफिस मी पाहिलेलं नाही.

८ जुलै
ठेकेदाराचं झाकणाचं बिल वर्षभर अडकलं होतं, ते काल निघालं. बाहेरच्या माणसाचा दाखला असल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असा नवा नियम आलाय म्हणे. माझं पद नेमकं त्याच वेळी निर्माण झालं, हा चांगला योग. ठेकेदार बिस्किटांचा डबा घेऊन आला. तडकाफडकी परत केला. हेडक्लार्कने आधीच फोडला होता म्हणून दोन खाल्ली.

१० जुलै
ताईला तक्रारीचं उत्तर पोचलं, सोबत माझा दाखला. ती बायकोकडे येऊन गेली, मी ऑफिसात असताना.

झाकण ताईने बसवलंय. त्या बाईंचा पाय मोडल्यावर, नव्या मशीनसाठी साठवलेले पैसे घालून. पावती आहे तिच्याकडे. हाका मारत होती ती हेच सांगायला.

बायकोला विचारलं, तुला कधीपासून माहीत? म्हणाली, झाकण बसलं त्या दिवसापासून. पण तुम्ही तोंड उघडू देत होतात का? संध्याकाळभर खुर्चीत बसून होतो. लाज वाटते. हे वाक्य खोडणार नाही.

११ जुलै
राजीनामा लिहिला. खरमरीत, दोन पानी. अध्यक्षांना तोंडावर सांगितलं, दाखला रद्द करा. ते म्हणाले, जरूर करू. मग खोटा दाखला कसा दिला गेला याची चौकशी लागेल. ती दक्षता निरीक्षकानेच करायची असते, आणि बहिणीची पावती पुरावा म्हणून जप्त होईल. तिलाही चार खेपा घालाव्या लागतील. मग चहा आला. मला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. राजीनामा खिशातच राहिला. आत राहून लढणं जास्त परिणामकारक, असं मी ठरवलं आहे.

१२ जुलै, सायंकाळी ६
ताईच्या दुकानात गेलो. झाकणावर पाय ठेववेना, लांब ढांग टाकली. आत राहून कसं लढायचं ते तिला सविस्तर समजावलं. तिने मशीन थांबवलं, स्टूल फडक्याने पुसून पुढे केलं आणि म्हणाली, बसा साहेब, आपलं काय काम होतं? चेष्टा असेल म्हणून मी हसलो. ती हसली नाही. चहा घेणार का, विचारलं, तेही तसंच. अर्धा तास होतो. जन्मापासून ती मला अरे-तुरे करत आली आहे. आज एकदाही ‘तू’ म्हणाली नाही.