नागपूरची मावशी

गोळीबार चौक, नागपूर
माघ, १९७५

प्रिय कौशल्या,

हे पत्र तुझ्या नावाने टाकते आहे आणि अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, म्हणजे तुला स्वतःला वाचता येईल. वेळ लागला तरी लागू दे, पण रुपरावला किंवा सूनबाईला वाचायला देऊ नकोस. दुपारी शोभा पोराला घेऊन निजली की मागच्या दारी बसून थोडं थोडं वाच. माझं लिहिणं पुस्तकी वाटून तू हसशील. काय करू, बोलायला घरात शिकले आणि लिहायला पुस्तकातून, त्यामुळे हातात पेन आलं की आपली बोली बाजूला सरकून उभी राहते. पत्रात एक बातमी आहे आणि एक मागणं आहे. बातमीचा शेवट चांगला आहे हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे मधेच रडत बसणार नाहीस. मागणं शेवटी आहे. तिथपर्यंत वाच.

पौषात न्हाताना डाव्या छातीत माझ्या हाताला गाठ लागली. बोराएवढी. दुखत नव्हती. दुखत नव्हती म्हणूनच भ्याले, कारण मागच्या गल्लीतल्या अंजनाबाईचीही दुखत नव्हती. तिचं काय झालं ते तुला मी कळवलंच होतं. कुणाला बोलले नाही. तीळ निवडले, भांडी घासली, शेजारच्या तुळसाबाईच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरून दिल्या. आपला माग तर कधीचाच बंद आहे, पण तिच्याकडे दोन चालतात आणि रहाट फिरवायला माझे हात अजून बरे आहेत. पण हात सारखा पदराखाली जायचा. तुळसाबाईची नजर तुला ठाऊक आहे. एकदा म्हणाली, "काय वं गोपिका, सारखं काय चाचपून राहिली? चोळीत सोनं लपवलं काय?" मी हसले आणि हसता हसता सांगून टाकलं. ती बाई गप्प झाली. तुळसाबाई गप्प झाली म्हणजे मी किती घाबरले असेन बघ. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही माग बंद ठेवले आणि मला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. केस कापलेले, बोलणं मऊ. तपासण्याआधी सगळं विचारायची तिची रीत होती. वय विचारलं, मालक कधी वारले ते विचारलं, मग विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, एक. भिलाईला कारखान्यात असतो. ती म्हणाली, अंगावर पाजलं होतं का? मी म्हटलं, हो. कुठल्या बाजूला जास्त? मी म्हटलं, ह्याच. कौशल्या, तुझी शपथ, हे बोलताना मला क्षणभरही वाटलं नाही की मी काही चुकीचं सांगते आहे. स्टुलावर बसलेली तुळसाबाई मात्र उसळली. "अवं, तू कधी बाळंत झाली वं? डॉक्टरीणबाई, हिले काही पोरबीर झालं नाही! भेवानं डोस्कं फिरलं हिचं!" आजूबाजूच्या खाटांवरच्या बाया हसायला लागल्या. डॉक्टरीण पेन थांबवून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, बाई, इथे खरं सांगावं लागतं, त्यावर उपचार ठरतो. मी म्हटलं, "खरंच सांगून राहिली बाई मी. लेकरू माझ्या सवतीचं. पाजलं मी." त्यावर कोपऱ्यातली एक काळीसावळी म्हातारी खाटेवर उठून बसली आणि म्हणाली, "सवतीचं लेकरू छातीशी? माझी सवत मेली तं मी सुतक नाही पाळलं!" मग तर सगळ्याच हसल्या, मीही हसले. फक्त डॉक्टरीण हसली नाही. तिने हळूच विचारलं, दूध यायचं का? मी म्हटलं, नाही.

तुला आठवतं ना ते? तू बाळंत झालीस आणि तिसऱ्याच दिवशी तुला ताप चढला. तुझ्या तोंडात कुणी पाणी घातलं तरी तुला कळत नव्हतं. सासूबाई कापसाच्या बोळ्याने बकरीचं दूध त्याच्या ओठावर पिळायच्या आणि तो थुंकून टाकायचा. एवढासा जीव, पण रडणं असं की मागावर बसलेल्या यांचा धोटा मधेच थांबायचा. आपण दोघी तेव्हा एकमेकींशी कामापुरतंच बोलत होतो. पवनीला तुला बघायला सासूबाईंबरोबर मीच आले होते. नऊ वर्षं माझी कूस उजवली नाही म्हणून माझ्याच हाताने तुझ्या ओटीत नारळ घातला होता, आणि तो घालताना तू माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंस ती पुढे वर्षभर आपल्या दोघींच्या मधे उभी होती. पण ते पोर रडत होतं. मी त्याला उचललं, चुलीकडे पाठ करून बसले आणि चोळीची गाठ सोडली. तो ओढत राहिला, ओढत राहिला आणि झोपला. पाय पोटाशी घेऊन, एक मूठ माझ्या गळसरीत अडकवून. त्यानंतर दूध त्याला वाटीतून मिळायचं, पण झोप माझ्याकडे. तुझा ताप उतरला त्या दुपारी तू डोळे उघडून बराच वेळ बघत होतीस. मला वाटलं, आता ही ओरडेल. तू म्हणालीस, "बाई, तिथं त्याले काही भेटत नाही, तरी काहून थांबते वं तो?" मी म्हटलं, "त्याले विचार." तेव्हा तू पहिल्यांदा हसलीस. ताप उतरलेल्या माणसाचं हसणं, आवाज नसलेलं. तुझ्या अंगावर दूध परत आलं तरी दुपारची झोप तू त्याला माझ्याकडेच ठेवलीस. मी मागितली नव्हती.

डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि मला घरी जाऊन थांबायला सांगितलं. थांबणं म्हणजे काय असतं ते आपल्याला यांच्या आजारपणात कळलं होतं, पण तेव्हा आपण दोघी होतो. एक पंख्याने वारा घालायची, दुसरी पेज करायची. ते गेले तेव्हा बांगड्या फोडायला बाया आल्या आणि त्यांना कळेना की आधी कुणाच्या. मोठीच्या की लेकरवाळीच्या. त्यांची आपसात कुजबुज सुरू झाली, तेव्हा तू माझा हात धरलास, तुझा त्याच्याशेजारी ठेवलास आणि म्हणालीस, "एकाच दगडानं फोडा अन् जा." सगळी गल्ली तुला उद्धट म्हणाली. मला त्या दिवशी तुझा हात सोडवेना. यांच्यासाठी मला अजून रडू येतं, रोज नाही, पण ते बसायचे त्या मागाच्या खड्ड्याशी झाडताना हमखास येतं. आणि त्या दुःखाबद्दल कुणाशी बोलायचं म्हटलं तर सगळ्या जगात एकच माणूस आहे ज्याला काही समजावून सांगावं लागत नाही. ते भात कालवताना आधी बोट पोळवून घ्यायचे, मग आपल्यावर चिडायचे, हे मी तुळसाबाईला कसं सांगू?

थांबण्याच्या त्या दिवसांत मी घर आवरलं. मरायचंच असेल तर पसारा कुणाला आवरावा लागू नये, असा विचार. दोन पितळी डबे, यांचं धोतर, रुपरावची पाटी. त्याच पाटीवर त्याच्याबरोबर मी अक्षरं गिरवली. तो शाळेतून यायचा, मी त्याला खायला द्यायची आणि तो मला धडा द्यायचा. मग मी तुला शिकवायला बसले तर तू "ळ" काढताना जिलबीच काढायचीस. आता मी महाल भागातल्या वाचनालयातून पुस्तकं आणते. वाचता वाचता अंधार पडतो. पण पुस्तक मिटलं की घर फार मोठं होतं. पूर्वी मी मोठ्याने वाचायची आणि तू रहाट फिरवत मधे मधे त्या पुस्तकातल्या माणसांना शिव्या घालायचीस. "मेल्याले बायको कळत नाही अन् निघाला देश फिराले!" तशी शिवी घालणारं कुणी नसलं तर वाचलेलं पोटात तसंच राहतं.

भिलाईला कोण जाणार आणि इथे कोण राहणार, हे आपण कधी बोललोच नाही. रुपरावला नोकरी लागली, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं आणि त्याने तुझी ट्रंक उचलली. माझी ट्रंक उचलायला तो वळला होता, मी पाहिलं. पण मी आधीच म्हणून टाकलं की घर आहे, माग आहे, कुणीतरी पाहिजे. कुणीतरी पाहिजे होतं हे खरं. पण तू त्या वेळी दारात उभी राहून नुसती पदराचं टोक पिळत होतीस. मी वाट बघत होते की तू म्हणशील, बाई, चल. आणि आता मला वाटतं, तूही वाट बघत असशील की मी म्हणेन, मी येते.

मग नातवाच्या वेळी मी आले. डिंकाचे लाडू आणले होते, पवनीकडच्या तुझ्या बहिणीने दिलेलं आंगडं आणलं होतं. महिनाभर राहायचं ठरलं होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी शेजारची ती बिहारकडची बाई वाटी घेऊन दारात आली आणि मला बघून तिने तुला विचारलं, ये कौन हैं? तू पीठ मळत होतीस. तुझे हात थांबले. मग तू म्हणालीस, "रुपराव की मौसी हैं, नागपुर से." ती बाई मला नमस्ते मौसीजी म्हणाली, मीही नमस्ते म्हटलं आणि पोराला मांडीवर घेतलं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं की तुळसाबाईकडे काम अडलं असेल, जाते. तू थांबवलं नाहीस. स्टेशनवर रुपराव माझ्या पाया पडला तेव्हा त्याने मला "मोठी" म्हणून हाक मारली, लहानपणी मारायचा तशी, पण आवाज बारीक काढून, आजूबाजूच्यांना ऐकू जाऊ नये तशी.

मी रागावले नाही, हे तुला खरं वाटणार नाही. मला तुझं कळलं होतं. तिथे सगळी नवी माणसं, साहेब लोकांच्या बायका, कुणाला कुणाचं मागचं ठाऊक नाही. तिथे तू रुपरावची आई आहेस, एकटी, नीट. सवत म्हटलं की लोक आधी तुझ्याकडे बघणार, धाकटी होऊन आलेलीकडे. मग यांच्याकडे बोट दाखवणार, जे आता उत्तर द्यायला नाहीत. हे सगळं मी गाडीत बसून स्वतःला समजावलं आणि ते पटलंही. तरी मी पुन्हा तिकडे आले नाही. तूही बोलावलं नाहीस.

परवा दवाखान्यातून निकाल आला. साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. त्यांनी ती काढून टाकली, चार टाके आहेत, डॉक्टरीण म्हणाली, बाई, आता शंभर वर्षं जगा. तुळसाबाई तिथेच रडायला लागली आणि फाटकाबाहेर येऊन तिने मला जबरदस्तीने संत्रं सोलून खायला लावलं. मी एक फोड तोंडात घातली आणि शेजारी वळून म्हटलं, "कौशल्या, ऐकलं काय वं?" तुळसाबाईने माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी फोड पुढे केली. इतकी चांगली बातमी आणि ती ज्याला सांगायची होती ते माणूस दुसऱ्या गावात. रस्ताभर मला आनंद होईना.

आता मागणं. मला तुमच्यात यायचं आहे, राहायला. घराला कुलूप लावीन, किल्ली तुळसाबाईकडे देईन. माग, घर, काम ही सगळी मी तयार केलेली कारणं होती आणि त्या खाटेवर पडल्यावर त्यातलं एकही माझ्या उपयोगी पडलं नाही. मला तू हवी आहेस, आपलं पोर हवं आहे, त्याचं पोर हवं आहे. कोपऱ्यात सतरंजी पुरेल. पण मी मावशी म्हणून येणार नाही. रुपराव काय म्हणेल ते मला विचारायचं नाही, तू जे म्हणशील ते तो म्हणेल. म्हणून हे पत्र त्याला नाही, तुला आहे. एखाद्या दुपारी ती वाटीवाली शेजारीण आली की पीठ मळता मळताच तिला सांगून बघ, मी कोण ते. जीभ उचलली तर एक ओळ टाक, मी मिळेल त्या पॅसेंजरने निघते. नाही उचलली तर काही लिहू नकोस. मी समजेन, आणि दर संक्रांतीला तिळाचे लाडू येत राहतील, त्यात खंड पडणार नाही.

तुझीच सवत,
गोपिका