संकेतचा लॅपटॉप

३ नोव्हेंबर, रविवार
लखनौला उतरलो आणि पहिल्याच दिवशी ताटात पिठलं-भाकरी. नशीब काढलं म्हणायचं. ऑफिसचं मानक नगरचं क्वार्टर मिळेपर्यंत अलीगंजला माणिककाकूंकडे राहायचं ठरलंय. काकू मूळच्या आमच्या साताऱ्याच्या. लग्न होऊन आल्या त्या इथल्याच झाल्या. मराठी अजून ठणठणीत, फक्त भाजीला सब्जी म्हणतात आणि दर वाक्याला ‘अच्छा’. काका नाहीत. एकुलता एक मुलगा संकेत कॉलेजात असतानाच डेंग्यूनं गेला. वरची त्याचीच खोली मला दिलीय. टेबल त्याचं, खुर्ची त्याची, समोरच्या गच्चीवर ऊन खाणाऱ्या रजया. थंडी पडली की चौकात मक्खन-मलाई, ही इथली दुधाच्या फेसाची मिठाई, खायला न्यायचं काकूंनी कबूल केलंय.

६ नोव्हेंबर, बुधवार
संकेतचा एक पिटुकला लॅपटॉप आहे, वहीएवढा, त्यानं जुनाच कुठूनसा घेतलेला. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी काकू तो उघडतात. सुरू होईस्तोवर चहा निवतो. मग त्यातून संकेतचा आवाज येतो. स्वयंपाकघरातलं साधंच बोलणं, त्यानं गंमत म्हणून रेकॉर्ड केलेलं. त्यात काकू मराठीत विचारतात, तो हिंदीत उत्तर देतो, इथे वाढलेल्या सगळ्या मुलांसारखा. शेवटी म्हणतो, ‘आई, चाय मत चढ़ाना, मैं आकर बनाऊँगा.’ एवढंच. काकू मग उठून कप विसळतात.

हल्ली तो मधेच बंद पडतो. मी म्हटलं, विंडोज काढून लिनक्स घालून देतो, हलकं असतं, पळायला लागेल. हा तर माझ्या हातचा मळ. काकू म्हणाल्या की आजवर कुठल्या दुकानात दिला नाही, विपुल, तू आपला माणूस म्हणून देते.

१० नोव्हेंबर, रविवार
लिहायचीही लाज वाटते.

संकेतच्या फायली आधी पेनड्राइव्हवर घेतल्या. इथवर शहाणपण. लिनक्स भरायलाही पेनड्राइव्ह लागतो, तर हाताशी होता तोच लावला. भरण्याआधी तो कोरा होतो, हे मीच लोकांना बजावत असतो. पण कानाला फोन होता, ऑफिसातल्या अद्वैतशी गप्पा रंगल्या होत्या. लॅपटॉपनं विचारलं, या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? न वाचता हो दाबलं.

लॅपटॉपवरचं आणि पेनड्राइव्हवरचं, दोन्हीकडचं गेलं. परत आणायचे होते नव्हते ते उपाय केले. काहीही सापडलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

काकूंनी जिन्यातून विचारलं, झालं का. मी सांगितलं की हो, सगळं जसंच्या तसं आहे. असं का म्हणालो ते मला ठाऊक नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी सांगणार होतो. काकूंनी माझ्यासाठी शिरा केला होता. शिरा खाल्ला, सांगितलं नाही.

ऑफिसातून आलो तर त्यांनी लॅपटॉप स्वतःच खाली नेलेला. दारात बूट काढताना आतून काकूंचं मराठी ऐकू आलं, आणि मुलाचं हिंदी. एक बूट पायातच राहिला. आत जाऊन बघितलं. स्क्रीनवर काहीच नव्हतं, फायलींची जागा रिकामी. काकू हसत म्हणाल्या, आता किती लवकर लागतो, आवाजही स्वच्छ येतो.

मला आधी भीती वाटली नाही. हायसं वाटलं, आपली चोरी झाकली गेली म्हणून. याची लाज जास्त वाटते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
मेथी निवडता निवडता काकूंनी सांगितलं की संकेत आता नवीन बोलतो. त्याने विचारलं, ऊपर कौन है. म्हणाला की इथलं सगळं कुणी झाडून नेलं, बसायला जागा नाही. काकूंनी त्याला सांगितलं, वरची खोली तुझीच आहे बेटा, ये.

त्यांना वाटतं, ही सोय मी केली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मान वर करवली नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार
बॅटरी काढून आणली. साफ करतो म्हणालो, आणखी एक खोटं. चार्जरही आणला. दोन्ही माझ्यासमोर टेबलावर आहेत. खाली बोलणं चालूच —

१७ नोव्हेंबर, रविवार
आईचा साताऱ्याहून फोन. रडत होती. म्हणाली, काल तुझ्या फोनवर कोण होतं? आवाज तुझा, पण हिंदीत बोलत होता, मला ओळखलंच नाही. मी काल तिच्याशी बोललो नाही. फोनमधल्या यादीत मात्र — तिचा कॉल आहे. बराच वेळ बोललोय.

१८ नोव्हेंबर, सोमवार
आमच्या गल्लीचं नाव आठवत नाही. सकाळी आठवत होतं. बाबांचा चेहरा — मिशी होती का?

एकेक पुसलं जातंय. पुढे जायचं का, हे मला कुणी विचारलं नाही. त्यानं विचारलं ते काकूंना. ‘ये’ म्हणून त्यांनी हो म्हटलं. कशाला ते त्यांना कुठे माहीत —

१९ नोव्हेंबर
आज सांगतो. त्यांना खरं कळलं की तो थांबेल. नाही थांबला तरी — त्यांना कळायला हवं. माझ्या तोंडून. चहाची वेळ झालीय. खाली भांडं वाजलं. वाक्य आधी लिहून घेतो, म्हणजे समोर गेल्यावर अडखळणार नाही —

काकू, तुमच्या संकेतचा आवाज मी पुसला. मला —

काकू, मी —

आई, चाय मत चढ़ाना, मैं आकर —